विमानतळावर सांगायचा राहिलेला शब्द

बाबा, विमानतळावर सांगतो म्हणाला होतात. सामान आत गेलं, बोर्डिंग पास हातात आला की सांगतो. म्हणजे सांगून मी निघून जाईन आणि भांडायला तुझ्यापुढे कोणी उरणार नाही, असंही वर हसून म्हणाला होतात. ते विमान जाऊन आज चार दिवस झाले. तुम्ही त्याच्याही आधी नऊ दिवस गेलात. भांडायला खरंच कोणी उरलं नाही, आणि मला तर भांडायचंच आहे.

आईच्या दहाव्याला पिंडाशी वाकून तुम्ही तिला कोणता शब्द दिलात, एवढंच मला हवं होतं. दोन वर्षं विचारत होते. कधी चिडून, कधी लाडात येऊन, कधी फोनवर भाजी चिरता चिरता. आता तो शब्द मला कळला आहे, पण तुमच्या तोंडून नाही, आणि म्हणून गेले चार दिवस मी या घरात वेड्यासारखी फिरते आहे. सगळं एकदम सांगून टाकावंसं वाटतं. पण तुम्हाला कुठलंही काम क्रमानं केलेलं आवडायचं. मोजणी खात्यातून निवृत्त झालात तरी शेतं मोजायची सवय काही गेली नाही तुमची. तर क्रमानं लिहिते.

आई गेली तेव्हा मी डब्लिनहून वर्ध्याला पोचले ती अस्थी गोळा करायच्या दिवशी, आणि सहाव्या दिवशी परत निघाले. रजा नाही म्हणाले. शिवाय माझा या दहाव्या-बाराव्यावर विश्वासही नाही, असं चारचौघांत ठणकावून सांगितलं. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. रिक्षा बोलावलीत, पाण्याची बाटली भरून हातात दिलीत आणि रिक्षावाल्याला सावकाश ने म्हणून दोनदा बजावलंत. मी मागे वळून पाहिलं नाही.

दहाव्याचं सगळं मला दिनूदादानं फोनवर सांगितलं. पवनारला नदीकाठी पिंड ठेवला. झाडावर कावळे बसलेले होते, पण एकही खाली येईना. गेलेल्या माणसाचं काही मागं राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून जमलेली माणसं एकेक करून मोठ्यानं वचनं द्यायला लागली. दिनूदादा म्हणाला, काकू, काकांकडे आम्ही बघू. मावशी म्हणाली, तुझ्या तुळशीला मी पाणी घालीन. कोणीतरी माझ्या वतीनं म्हणालं, वृंदा वर्षश्राद्धाला येईल. तासभर उन्हात हे चाललं. मग तुम्ही चप्पल काढून पुढे झालात, गुडघे टेकलेत, पिंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटलात, आणि तुम्ही मागे सरता सरता कावळा उतरला. “काका काय बोलले ते कोणालेच नाही आलं ऐकू,” दिनूदादा म्हणाला, “पण काकूनं ऐकलं पाय.”

वर्षश्राद्धाला मी आले नाही. त्यानंतर काही महिन्यांनी तुम्हीच आलात, तीन महिन्यांच्या व्हिसावर, दोन बॅगा आणि एक मोजपट्टी घेऊन. पहिल्याच दिवशी माझ्या घरातली सगळी कपाटं उघडून पाहिलीत. इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे तुमच्या नातीकडून, ताराकडून शिकलात आणि “साखर प्रेसमध्ये आहे” असं दिवसातून चारदा म्हणायला लागलात. ताराला नऊ वर्षांत मी एक वाक्य मराठीत बोलायला लावू शकले नाही. तिला सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इथल्या शाळेच्या हेल काढलेल्या इंग्रजीत. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही तुमचं वऱ्हाडी बोलायचात, ती तिचं इंग्रजी, आणि शाळेतून घरी येईपर्यंत तुमच्या गप्पा संपायच्या नाहीत. मला बघून मात्र दोघंही गप्प व्हायचात. तेव्हा मला राग यायचा. आता त्याच रस्त्यानं रोज ताराला आणायला जाते आणि त्या गप्पांमधलं काय काय मला मिळालं नाही याचा हिशेब लागत नाही.

मग बेथबाई आल्या. माझा नवरा डोनल मूळचा इथल्या क्लेअर परगण्यातला. त्याच्या खापरपणजोबांची एक बहीण होती, एलेन. त्या काळी गावाजवळच्या तळ्यावर मॉर्मन पंथाचे प्रचारक आले होते आणि गावातल्या पाचसात जणांनी तळ्यात उतरून बाप्तिस्मा घेतला. त्यात ही अठरा वर्षांची एलेन. बापानं तिला दाराबाहेर काढलं. आईला न भेटताच ती जहाजात बसली आणि अमेरिकेत उतरून हजाराहून जास्त मैल पायी चालत, सामानाची हातगाडी ओढत, यूटाला गेली. बेथबाई तिच्या पणतीची मुलगी, निवृत्त शिक्षिका, त्याच पंथातल्या. तळ्याकाठी आता त्या पहिल्या मंडळींच्या नावाचा दगड आणि माहितीचा फलक आहे, अमेरिकेहून बसा भरभरून माणसं पूर्वज शोधायला येतात. बेथबाई शॅनन विमानतळावर उतरल्या आणि आपण सगळ्यांनी त्यांना घेऊन तळ्यावर जायचं ठरवलं. मला वाटलं, तुम्हाला हिरवळ बघायला मिळेल, दोन दिवस बरे जातील.

बेथबाई चहा पीत नाहीत, कॉफी पीत नाहीत, हे कळल्यावर तुम्ही किती हवालदिल झालात! भाड्यानं घेतलेल्या त्या छोट्या घरात पाहुणीला काय द्यावं ते सुचेना तुम्हाला. शेवटी गरम पाण्यात लिंबू पिळून दिलंत आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, “ह्या बाई तर आपल्या एकादशीवाल्यांपेक्षाही कडक आहेत, वृंदे.” पण त्यांनी फाईल उघडली आणि तुम्ही खुर्ची जवळ ओढलीत. त्या बोलत होत्या, मी मराठीत सांगत होते. त्यांच्या मंदिरात मेलेल्या माणसांच्या नावानंही संस्कार करता येतात. आईबाप आणि लेकरं एकमेकांशी कायमची जोडता येतात, मरून कितीही वर्षं झालेली असोत. फक्त नाव बरोबर पाहिजे, माणूस तोच पाहिजे. त्यासाठी तर ही सगळी शोधाशोध.

“म्हणजे एलेनले तिच्या मायशी जोडलं यायनं?” तुम्ही विचारलंत.

हो, त्या म्हणाल्या, त्यांच्या वडिलांनीच ते करून ठेवलं होतं, चाळीस वर्षांपूर्वी. आईचं नाव मेरी.

“मेलेल्या मायशी मेलेली पोरगी,” तुम्ही म्हणालात. “इतक्या वर्षानं!” आणि चष्मा काढून पुसायला लागलात. मी टेबल आवरायच्या निमित्तानं उठले, कारण तुम्ही माझ्याकडे बघाल अशी भीती वाटली. तुम्ही बघितलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर बेथबाईंनी आपल्याला एलेनचं घर दाखवलं. छप्पर नसलेल्या चार भिंती, आत पाऊल ठेवता येऊ नये इतकी खाजकुयली, दाराशी त्यांच्या वडिलांनी बसवलेला छोटा दगड. बेथबाई डोळे मिटून उभ्या राहिल्या. तुम्ही मात्र फाईल मागितलीत. तिच्यात एलेननं म्हातारपणी मुलीला सांगितलेल्या आठवणींचं एक पान होतं, ते मला वाचायला लावलंत. दारातून तळं दिसायचं. मागे पाद्रीबाबांचं शेत. मावळतीला ओहोळ. उगवतीला काकाच्या अंगणाची भिंत.

“परत वाच.”

परत वाचलं.

“अवं, हे तर चतुःसीमा आहे!” तुम्ही असे ओरडलात की तळ्यातली बदकं उडाली. “आपल्याकडं जुन्या कागदात शेताचं नाव काही असो, चारी अंगाले काय आहे ते पहिले लिहितेत. नाव बदलते, माणूस मरते, बांध नाही मरत. ह्या घराचा ओहोळ तर उगवतीले आहे ना बाप्पा!”

डोनलचे गुडघ्यापर्यंतचे बूट तुम्हाला दोन नंबर मोठे होत होते. तरी ओल्या गवतातून तुम्ही पावलं मोजत निघालात, ओठ हलवत, मागे न बघता. डोनल मला म्हणाला, युअर मॅन, म्हणजे इथल्या बोलीत ‘हा गडी’, आता सगळं क्लेअर मोजून येणार. रस्ता ओलांडून, गायींच्या शेतात, काटेरी झुडपाखाली दगडांचा एक ढीग होता. तिथे उभं राहून तुम्ही हात पसरलेत. समोर तळं. मागे अजूनही चर्चच्या मालकीचं असलेलं शेत. मावळतीला ओहोळ. एलेन गेल्यावर काही वर्षांनी इथे घरांची मोजणी झाली होती, तिची यादी बेथबाईंकडे होतीच. त्यात एकाच आडनावाच्या दोन मेरी होत्या, दोघी विधवा, रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. चर्चच्या शेताला लागून असलेलं घर दुसऱ्या मेरीचं होतं. बेथबाईंच्या वडिलांनी रस्त्यालगतची, सोयीची मेरी धरली होती.

“सांग त्यांना,” तुम्ही म्हणालात. “ती एलेनची माय नाही. ती शेजारीण आहे.”

मी सांगितलं. बेथबाई त्या ओल्या गवतात बसूनच गेल्या. चाळीस वर्षं त्यांच्या घरानं एलेनला शेजारणीच्या पदरात घातलं होतं. त्या रडायला लागल्या तसा तुमचा चेहरा पडला. “सांगायले नको होतं काय?” तुम्ही मला विचारत राहिलात. “झाकली मूठ होती, राहू द्याची होती काय?” मी ते त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी तुमचा चिखलानं भरलेला हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, नाही, बरं केलंत, पोर इतकी वर्षं भलत्याच दारात उभी होती.

मग त्या आणि डोनल शेताच्या मालकाला विचारायला गेले, तारा गायींना गवत घालायला पळाली, आणि आपण दोघं तळ्याकाठच्या बाकावर बसलो. तेवढा अर्धा तास मला परत द्या, बाबा. बाकी काही मागत नाही. तो अर्धा तास तेवढा द्या.

मला तुमचा अभिमान वाटत होता. तसं म्हणायचं सोडून मी म्हणाले, “बाबा, मेलेल्या बायकांना काय कळतंय कोणाला कोणाशी जोडलं ते! काय फरक पडतो?”

तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, “तुले नाही पडत. माहीत आहे मले.”

मी उसळले. गेली दोन वर्षं मी याच वाक्याच्या दारात उभी होते. “म्हणजे काय? बोला ना. काय विचारायचं ते विचारा ना एकदा. आईच्या दहाव्याला का थांबली नाहीस, असं विचारा. ओरडा माझ्यावर. दिनूदादा ओरडला, मावशी बोलली, तुम्ही एकटे काहीच बोलत नाही.”

“पाणी लय थंड असन, नाही?” तुम्ही म्हणालात. “अठरा वर्षांची पोरगी कशी उतरली असन त्यात.”

“आईला काय शब्द दिलात?”

“विमानतळावर सांगतो.” आणि मग ते हसत हसत भांडणाबद्दलचं.

तुम्ही हसलात म्हणून मी सर्वांत वाईट ते बोलले. “ठीक आहे. मग मीही सांगून ठेवते. तुम्ही गेल्यावर मी यातलं काहीएक करणार नाही. ना दहावा, ना बारावा. शोधत बसा कोणीतरी पिंड द्यायला.”

तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. “नको करू, माय. तुले जमन तसं कर.”

बाबा, तुम्ही तेव्हा एक थप्पड मारायची होती.

त्यानंतरचे तीन आठवडे आपण चांगले होतो, हे मी स्वतःला सांगत असते. तुम्ही बेथबाईंसाठी त्या शेताचा नकाशा काढत होतात, प्रमाण घालून, ओहोळ निळ्या पेन्सिलीनं. मी तुम्हाला ताराचा कंपास आणून दिला. आपण कढीगोळे केले. भांडलो नाही. पण बोललोही नाही. मला वाटत होतं, विमानतळावर आहेच की.

त्या मंगळवारी सकाळी डोनल ताराला शाळेत सोडून कामावर गेला आणि मी आतल्या खोलीत मीटिंगला बसले. तुम्ही कप विसळून पालथा घातलात, तो आवाज मी ऐकला. त्यानंतर काहीच ऐकलं नाही, आणि चाळीस मिनिटं मला ते खटकलंही नाही. बाहेर आले तेव्हा तुम्ही नकाशावर डोकं टेकून बसला होतात. मी म्हणाले, “बाबा, पाठ दुखेल.” बाबा, मी तुमच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हे आहे, आणि तुम्ही ते ऐकलं नव्हतं.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी सगळं केलं. चांगली माणसं होती. त्यातली एक मुलगी तुमच्या छातीवरचे हात थांबवताना माझ्याकडे बघत होती आणि मी तिला सांगत होते की अजून नऊ दिवसांनी त्यांचं विमान आहे. ते मी बहुतेक चार-पाचदा सांगितलं. डोनलनं मला धरून खाली बसवलं.

दिनूदादाशी भांडण झालं. “काकाले तिथंच जाळतं काय, परक्या मुलखात?” तो म्हणाला. तुम्हाला पेटीत घालून, विमानाच्या पोटात ठेवून पाठवणं मला झेपणार नाही, एवढंच मी त्याला म्हणू शकले. इथल्या दाहगृहात ताराच्या वर्गातल्या मुलांच्या आया आल्या, सँडविचं घेऊन आल्या, ही इथली रीत. आणि सहाव्या दिवशी बेथबाईंची ईमेल आली. तुमचा नकाशा डोनलनं त्यांना पाठवला होता. त्यांनी लिहिलं, कागद बदलून घ्यायला दिले आहेत, पुढच्या महिन्यात एलेनला तिच्या खऱ्या आईशी जोडू, आणि त्या दिवशी तुझ्या वडिलांचं नाव आमच्या घरात घेतलं जाईल. मी ती ईमेल वाचून बाथरूममध्ये जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले. त्यांच्याकडे कचेरी आहे, बाबा. चूक झाली तर दुरुस्त करून मिळते. मी कोणत्या खिडकीपाशी उभी राहू?

त्या रात्री मी गुरुजींना फोन केला. काहीएक करणार नाही म्हणणारी मी. हे गुरुजी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर करतात आणि शनिवार-रविवार सत्यनारायण. त्यांनी एका दिवसाची रजा घेतली. दहावा आला तो नेमका तुमच्या विमानाच्या दिवशी.

आम्ही समुद्रावर गेलो. वारा असा की पिंडावरचे तीळ उडत होते. दिव्याच्या खांबावर एक कावळा होता, इथले कावळे पाठीवर राखी असतात, पण कावळाच. तो बघत होता आणि येत नव्हता. मी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. बाबा, तुमच्या अस्थी मी पवनारला नेईन. आला नाही. दरवर्षी तुमचं आणि आईचं श्राद्ध करीन, तिथीनं करीन, तारखेनं नाही. आला नाही. वर्ध्याचं घर विकणार नाही. ताराला मराठी शिकवीन. दिनूदादाचे पाय धरीन. कुत्र्याला फिरवायला आलेली एक म्हातारी लांब थांबून बघत होती. मी म्हणाले, बाबा, जो काही शब्द आईला दिलात तो मी पूर्ण करीन, मला तो माहीत नाही, पण पूर्ण करीन, या हो, या. घसा बसला माझा. आणि एक सीगल आला, माझ्या अंगावरून झेपावला, आणि पिंड उचलून घेऊन गेला.

गुरुजी बिचारे खालमानेनं म्हणाले, “ताई, असं होतं इथे. दर्भाचा कावळा करू आपण. शास्त्रात सोय आहे.” त्यांनी दर्भाची काडी वळली, दुसऱ्या पिंडाला लावली आणि मंत्र पुरा केला. झालं म्हणाले. मी वर बघितलं तर खांबावर कावळा तसाच बसलेला होता.

गाडीत डोनलनं इंजिन सुरू केलं आणि तारा, इथल्या मुलांसारखी आईला मॅम म्हणणारी, मागच्या सीटवरून म्हणाली, “मॅम, आजोबा प्रॉमिस्ड आजी समथिंग.” मी वळून बघितलं. ती तिच्या इंग्रजीत सांगायला लागली. ती शाळेतून येताना तुम्हाला विचारायची, तुम्ही आणि मॅम आजीबद्दल कधीच का बोलत नाही. मग एकदा तुम्ही तिला सांगितलंत. पण विमानतळाच्या दिवसापर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं कबूल करून घेतलंत. “इट्स द एअरपोर्ट डे टुडे,” ती म्हणाली. मी म्हणाले, सांग. ती जरा वेळ आठवत राहिली. आणि मग, नऊ वर्षांत जिच्या तोंडून मराठी वाक्य निघालं नाही ती माझी मुलगी, तुमच्या आवाजात, तुमच्या हेलात, अडखळत म्हणाली:

“पोरीले मी कधी विचारणार नाही, तू काऊन नाही थांबली म्हणून. तू जाय आता.”

बाबा.

म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. फोनवर नाही, घरात नाही, बाकावर नाही, मी ‘विचारा’ म्हणून ओरडत होते तेव्हाही नाही. आईला माझी काळजी होती की तुम्ही मला बोलाल, आणि ती तशीच अडकून बसली होती, आणि तुम्ही तिला सोडवलंत. तिला सोडवलंत आणि मला बांधून ठेवलंत. मी तुम्हाला दगड समजत होते. मी मनात तुम्हाला काय काय म्हटलं आहे ते लिहवत नाही. आणि तुम्ही आपले पाण्याकडे बघून म्हणत होतात, थंड असन.

आता तुम्ही विचारलंत असं धरून सांगते. आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, डोनललाही नाही.

रजा होती, बाबा. हवी तेवढी घे म्हणाले होते ऑफिसात. तिकीट मी स्वतः बदललं, तुमच्या माजघरात बसून, तुम्ही अंगणात माणसांना पाणी देत होतात तेव्हा. आईनं जायच्या दोन महिने आधी फोन केला होता, “एकदा येऊन जाय, मन लागत नाही.” मी म्हणाले, दिवाळीला बघू. ते तुम्हाला तिनं सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या काकू माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “तुझ्यातच जीव होता तिचा. दहाव्याला तू आहेस ते बरं, नाहीतर कावळा शिवला नसता.” त्या मायेनं म्हणाल्या. मला रात्रभर दुसरंच दिसत होतं. मी तिथे उभी आहे, समोर पिंड आहे, सगळा गोतावळा आहे, आणि कावळा येत नाही. मी असूनही येत नाही. आई माझ्याकडून घेत नाही. आणि तुम्ही माझ्याकडे बघता.

विश्वास नाही म्हणून मी निघून गेले, हे खरं नाही. एका कावळ्याला भिऊन पळाले. ठणकावून सांगितलं ते भीती लपवायला. मला तेव्हा कोणीतरी हात धरून थांबवायला हवं होतं, आणि नंतर दोन वर्षं कोणीतरी विचारायला हवं होतं. तुम्ही विचारलं असतंत तर मी त्याच मिनिटाला सगळं सांगितलं असतं. तळ्यावर, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं असतं. मी त्यासाठीच तर भांडत होते.

दिनूदादा म्हणतो, काकांचा शब्द म्हणजे शब्द, दगडावरची रेघ. खरंच आहे. बाबा, हा एवढा एक मोडायला हवा होतात.